यंत्र अवघड कीं कारागीर अपुरा ?

एखादें यंत्र अति बलवान् आहे, परंतु त्याजकडून काम करून घेणें महाकठीण आहे, अशी तक्रार निघाली म्हणजे ऐकणारांचे तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष यंत्र घडविणाऱ्यास दोष देतो. दुसरा कारागिराकडे बोट दाखवितो, आणि नाचतां येईना अंगण वांकडें ही म्हण त्याच्या ओठांवर तयारच असते. गेल्या तीस वर्षांत हा वाद जितक्या ईर्ष्येनें गेम कन्सोल नांवाच्या खेळयंत्रांविषयीं झाला, तितका दुसऱ्या कोणत्या यंत्राविषयीं क्वचितच झाला असेल. दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडून खेळावयाचीं हीं यंत्रें आंतून पाहिलीं तर संगणकच होत.

शाळेच्या वार्षिकांत खेळयंत्रांची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. मुलांनीं किती वेळ खेळावें हा प्रश्न पालकांचा आहे व त्यांत मी पडत नाहीं. परंतु खेळांतील चित्रें झरझर काढण्यासाठीं ज्या चिपा जन्मास आल्या, त्यांच्याच कुळांतील चिपा आमच्या निमगांव साव्याच्या ह्याच जुन्नर तालुक्यांत, खोडद येथें, आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींचा हिशेब करीत आहेत. त्या तेथें कशा आल्या, आणि कठीण यंत्राशीं तेथील माणसांनीं कसा व्यवहार केला, हें पाहिलें म्हणजे वरील वादांत कोणाचें किती खरें तें ठरविण्यास बरेंच साहाय्य होतें.

आधीं एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संगणकाच्या ज्या भागांत हिशेब होतो त्यास प्रोसेसर म्हणतात, आणि त्यानें काय काय करावें ह्याच्या लेखास आज्ञावली म्हणतात. प्रोसेसर ठोक्याठोक्यानें चालतो. अनेक वर्षें कारखानदारांनीं हे ठोके अधिकाधिक जलद केले, आणि आज्ञावलींत कांहींएक फरक न करतां काम आपोआप लवकर होऊं लागलें. परंतु २००४-०५ च्या सुमारास ही वाट खुंटली. ठोके दर सेकंदास तीनचारशें कोटींच्या पलीकडे नेले कीं चिप इतकी तापते कीं ती थंड ठेवणें परवडत नाहीं. एकच गडी अधिक जलद धांवत नाहीं, तेव्हां अनेक गडी कामास लावणें एवढाच मार्ग उरला.

अनेक गडी म्हणजे अनेकपट काम, हा हिशेब कागदावर सोपा. पण गांवच्या लग्नांत स्वयंपाकास ज्यानें हात लावला आहे त्यास त्यांतील खोट सांगावयास नको. पुऱ्या लाटावयास वीस बाया बसविल्या तर पुऱ्या लवकर होतात. डाळ शिजावयास जो वेळ लागतो तो मात्र चुलीभोंवतीं वीस आचारी उभे केले तरी तेवढाच लागतो. जीन अम्डाल ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं हीच गोष्ट मांडली. दहा तासांच्या कामांतील एक तासाचें काम वांटून देतां येण्यासारखें नसेल, तर गडी शंभर असोत कीं लाख असोत, तें काम एका तासाच्या आंत होणें नाहीं. वेग दहापटींहून अधिक वाढणें नाहीं. शिवाय वांटणी कशी करावी, कोणीं कोणाची वाट पाहावी, सामान कोणीं कोणापर्यंत पोंचवावें, हा सर्व विचार एकट्या गड्याच्या वेळीं करावा लागत नसे. आतां तो कोणीं तरी केलाच पाहिजे. यंत्र घडविणाऱ्यानें करावा कीं आज्ञावली लिहिणाऱ्यानें ? वादाचें खरें बीज येथें आहे.

१९९४ च्या अखेरीस जपानांत दोन खेळयंत्रें दोन आठवड्यांच्या आंत एकापाठोपाठ बाजारांत आलीं : सेगा कंपनीचें सॅटर्न आणि सोनी कंपनीचें प्लेस्टेशन. सॅटर्नमध्यें मुख्य प्रोसेसर दोन होते, पण स्मरणकोशाकडे जाणारी वाट दोघांस मिळून एकच. एक जण वाटेवर असला कीं दुसऱ्यास तिष्ठावें लागे. चित्रांसाठीं व ध्वनीसाठीं आणखी निरनिराळे यंत्रभाग होते, आणि ह्या साऱ्यांचा मेळ घालण्याचें काम खेळ लिहिणाऱ्याच्या गळ्यांत पडे. प्लेस्टेशनमध्यें मुख्य प्रोसेसर एकच होता, आणि सी भाषेंतून वापरतां येतील अशा तयार आज्ञांचा संच सोनीनें खेळकर्त्यांच्या हातीं दिला होता. सॅटर्न जगभर एक कोटीहि खपलें नाहीं. प्लेस्टेशन दहा कोटींवर गेलें. किंमत वगैरे इतर कारणें होतींच, तरी सोप्या यंत्राचा जय झाला असें म्हणण्यास हा पुरावा कमी नाहीं.

पण २००० सालीं आलेलें प्लेस्टेशन २ ह्या निर्णयास लगेच खोटें पाडतें. तें पहिल्याहून कितीतरी अवघड होतें. त्यांतील सदिशगणिताचे दोन स्वतंत्र भाग खेळकर्त्यास जवळजवळ हातानेंच हांकावे लागत. तरीहि तें पंधरा कोटींवर खपलें, आणि आजवर त्याच्याइतकें दुसरें कोणतेंहि गेम कन्सोल खपलेलें नाहीं. म्हणजे अवघडपणा ही एक किंमत आहे. पदरांत माल भरपूर पडत असेल तर माणसें कुरकुरत कां होईना ती मोजतात. घरोघरीं तें यंत्र होतें, तेव्हां त्यासाठीं लिहिणें खेळकर्त्यांस भागच होतें.

२००६ च्या नोव्हेंबरांत प्लेस्टेशन ३ आलें व वाद कळसास पोंचला. त्याची सेल नांवाची चिप सोनी, तोशिबा व आय. बी. एम्. ह्या तीन कंपन्यांनीं मिळून घडविली होती. तिच्यांत एक सर्वसाधारण प्रोसेसर व आठ लहान परंतु अत्यंत चपळ साहाय्यक होते. आठांपैकीं एक बंदच ठेवलेला असे, एक यंत्राच्या स्वतःच्या व्यवस्थेस लागे, आणि खेळकर्त्याच्या वांट्यास सहा येत. ह्या सहांची खुबी व खोड एकाच ठिकाणीं होती. प्रत्येकाजवळ स्वतःचा असा अवघा २५६ किलोबाइटांचा स्मरणकोश होता, आणि त्याबाहेरील वस्तूवर त्यास थेट काम करतां येत नसे. लग्नाच्याच उदाहरणानें सांगावयाचें तर, पुऱ्या लाटणाऱ्या सहा जणींस सहा खोल्यांत बसविलें आहे. प्रत्येकीपाशीं एक परात मावेल इतकीच जागा आहे. आणि हातचें पीठ संपण्याच्या आधींच पुढचें पीठ कोठारांतून मागवून ठेवावयाचें आहे. मागणी वेळेवर गेली तर त्यांचा हात क्षणभरहि थांबत नाहीं. चुकली तर सहाही जणी हातावर हात ठेवून बसल्या. ही मागणी केव्हां, किती व कोणासाठीं करावयाची, तें सर्व आज्ञावली लिहिणाऱ्यानें आगाऊ ठरवून द्यावयाचें. उलट, एक वर्ष आधीं आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० मध्यें तीन सारख्या योग्यतेचे आचारी एकाच स्वयंपाकघरांत, एकाच कोठाराभोंवतीं उभे होते. एकच खेळ दोहोंसाठीं लिहिणाऱ्यानें आधीं कोणत्या यंत्राकडे पाहिलें असेल, हें सांगणें नको.

ह्या अवघडपणाचें उघड समर्थनहि झालें. सोनीच्या खेळविभागाचे तेव्हांचे प्रमुख काझुओ हिराई ह्यांनीं २००९ च्या सुमारास असें प्रतिपादिलें कीं, यंत्राची सारी शक्ति पहिल्याच दिवशीं सहज हातीं आली तर पुढील अनेक वर्षें नवीन काढावयास उरेल काय ? हें बोलणें अगदींच पोकळ नाहीं. सोनीच्याच मालकीच्या नॉटी डॉग ह्या मंडळीनें त्याच यंत्रावर २००९ व पुन्हा २०१३ सालीं असे खेळ करून दाखविले कीं, पहिल्या वर्षीं कोणी ते शक्य म्हटले नसते. परंतु ही मंडळी एकाच यंत्रासाठीं लिहीत असे, व यंत्रकर्त्याच्या घरचीच होती. तिनें शिकण्यांत घालविलेलें वर्ष पुढील प्रत्येक खेळांत व्याजासह वसूल झालें. बाहेरच्या लहान मंडळीस तेंच वर्ष स्वतःच्या गांठीचें खर्चावें लागे, व त्याचें फळ दुसऱ्या यंत्रावर कामीं येत नसे. विहीर खोल आहे, पाणी गोड आहे, हें खरें. पण दोर कोणाच्या पैशानें आणावयाचा, ह्याचें उत्तर हिराईंच्या बोलण्यांत नव्हतें.

तें उत्तर सोनीनें कृतीनें दिलें. प्लेस्टेशन ४ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी ह्यांनीं यंत्राचा आराखडा आंखण्याआधीं खेळकर्त्यांस भेटून त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि २०१३ सालीं एका व्याख्यानांत एक मोठें मार्मिक माप लोकांपुढें ठेविलें. नवें यंत्र हातीं आल्यापासून पडद्यावर प्राथमिक चित्र उमटविणारी व्यवस्था उभी करण्यास किती काळ लागतो ? त्यांच्या हिशेबाप्रमाणें पहिल्या प्लेस्टेशनला एक ते दोन महिने, दुसऱ्याला तीन ते सहा, तिसऱ्याला सहा ते बारा. आणि चौथ्याला पुन्हा एक ते दोन. त्या चौथ्या यंत्रांत घरगुती संगणकांच्याच जातीचे आठ प्रोसेसर व सर्वांस मिळून एकच मोठा स्मरणकोश होता. शक्ति मोजण्याचीं मापें सर्वांस ठाऊक असतात. माणसाचे महिने मोजणारें माप इतक्या उघडपणें मांडलेलें मीं तरी फारसें पाहिलेलें नाहीं.

असो. आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली ती अशाच एका पेंचांतून. अमेरिकेनें हिंदुस्थानास हवें तें बलाढ्य क्रे यंत्र देण्याचें नाकारलें होतें. एक महाबली गडी विकत मिळत नाहीं, तेव्हां अनेक लहान गड्यांची टोळी उभी करावी, असा मार्ग डॉ. विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पत्करला, आणि १९९१ सालीं परम ८००० हा संगणक तयार झाला. त्यांत इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नांवाचे प्रोसेसर जोडलेले होते. प्रत्येकास शेजाऱ्यांशीं बोलावयास चार दुवे. एका गड्यासाठीं लिहिलेली आज्ञावली ह्या टोळीपुढें ठेवून भागत नसे. तिचे तुकडे पाडून, कोणाचा निरोप कोणास केव्हां जाईल तें ठरवून ती नव्यानें बांधावी लागे. ह्या कामीं लिहिणारांचा भार हलका व्हावा म्हणून सी-डॅकनें यंत्राबरोबरच परस नांवाची साधनसामग्रीहि तयार केली. येथें अवघडपणा हौसेनें घेतलेला नव्हता. तो स्वावलंबनाची किंमत म्हणून घेतला होता, आणि ज्यांनीं घेतला त्यांनींच तो कमी करण्याची खटपटहि केली.

ह्याहून बोधप्रद गोष्ट खोडदची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेंतून उभारलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं चौदा खोडदजवळ सुमारें एक चौरस किलोमीटरांत, व उरलेल्या सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. टोंकांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर. तबकड्या सर्वांस दिसतात. दुर्बिणीचा जो भाग कोणास दिसत नाहीं तोच आपल्या प्रस्तुत विषयाचा आहे.

तीस तबकड्यांची मिळून एक दुर्बीण व्हावयाची तर प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशीं ताडून पाहावा लागतो. तिसांच्या जोड्या किती ? तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन, म्हणजे ४३५. आधीं प्रत्येक संदेशाचे, लोलकांतून प्रकाशाचे रंग वेगळे व्हावेत तसे, लहरींच्या कंपनसंख्येप्रमाणें बारीक बारीक पट्टे पाडावयाचे. मग प्रत्येक जोडीतील समान पट्ट्यांचा गुणाकार करून बेरजा मांडावयाच्या. आणि हें सर्व संदेश येत असतांनाच, कारण पुढचा लोंढा पाठीवर आहेच. ह्या यंत्रभागास कोरिलेटर म्हणतात. दुर्बिणीच्या पहिल्या काळांत ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेत असत. नियम असा कीं, जितकी रुंदी तिच्या दुप्पट नमुने दर सेकंदास घ्यावे लागतात. आणि प्रत्येक तबकडीवरून दोन संदेश येतात. गणित करूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास दर सेकंदास ३८४ कोटी नमुने असें उत्तर मिळेल.

१९९० च्या दशकांत कोणताहि बाजारी संगणक हा लोंढा पेलूं शकत नव्हता. म्हणून पहिला कोरिलेटर ह्याच कामासाठीं घडविलेल्या चिपांचा व फलकांचा बनविला गेला. अशा यंत्रास आपलें एक काम उत्तम येतें. दुसरें सांगावयाचें तर फलकच बदलावे लागतात. पुढें संगणक वाढले, आणि २०१० च्या सुमारास तेथील मंडळीनें बाजारांत मिळणारे साधे संगणक जाळ्यानें जोडून तेंच काम आज्ञावलीनें करून दाखविलें. नवी रीत सुचली कीं आज्ञावलींत दुरुस्ती करावी. तांब्याच्या तारेस हात लावण्याचें कारण नाहीं.

त्यानंतर दुर्बिणीचा जीर्णोद्धार झाला व पट्ट्याची रुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. वरचाच हिशेब पुन्हा केला तर दर सेकंदास ४,८०० कोटी नमुने होतात. हें ओझें साध्या प्रोसेसरांवर टाकावें तर संगणकांची संख्या आवरेना. येथें खेळांच्या चिपांचें कुळ पुढें आलें. पडद्यावर, समजा, २० लाखांहून अधिक ठिपके आहेत व ते सेकंदांतून साठ वेळां नव्यानें रंगवावयाचे आहेत; प्रत्येक ठिपक्याचा हिशेब एकाच तऱ्हेचा व बहुतेक स्वतंत्र. अशा कामासाठीं ग्राफिक्स कार्डावर हजारों लहान गणक एका तालांत चालतात. जोड्यांचे गुणाकार म्हणजे पुऱ्याच. डाळ त्यांत जवळजवळ नाहींच. २००७ सालीं एन्‌व्हिडिया कंपनीनें ह्या कार्डांसाठीं सी भाषेच्या वळणाची कुडा नांवाची लेखनपद्धति खुली केली होती. तिच्यामुळें चित्रांशीं कांहीं संबंध नसलेलें गणितहि त्यांवर करतां येऊं लागलें. तरी तें सोपें झालें असें मात्र कोणीं समजूं नये. गणकांच्या तुकड्या कशा पाडाव्या, कोणता आंकडा जवळच्या लहान कप्प्यांत ठेवावा व कोणता दूरच्या कोठारांत, हा विचार सेल चिपेच्या वेळच्या विचाराहून फारसा निराळा नाहीं.

आणखी एक गोष्ट मला विशेष मनोरम वाटते. नव्या व्यवस्थेंत सर्वच काम ह्या कार्डांवर टाकलेलें नाहीं. नमुने घेणें, त्यांच्या मोटा बांधून जाळ्यावर सोडणें, विजेच्या तारांवरील ठिणग्यांनीं होणारी खरखर गाळणें, हीं कामें एफपीजीए नांवाच्या चिपांकडे आहेत. ह्या चिपेची आंतली जोडणी कारखान्यांतून बाहेर पडल्यावरहि हवी तशी बसवितां येते. परंतु ती बसविणें आज्ञावली लिहिण्यापेक्षां कितीतरी किचकट. जें काम रोज तेंच व तसेंच व्हावयाचें आहे तें किचकट यंत्रावर एकदां बसवून द्यावें, आणि ज्यांत वारंवार फेरफार होणार तें माणसास लवकर लिहितां येईल अशा यंत्रावर ठेवावें, अशी ही विभागणी दिसते. दुर्बिणीचें काम वर्षानुवर्षें एकच, आणि यंत्र जुळविणारे, आज्ञावली लिहिणारे व तिचें फळ घेणारे एकाच आवारांत. तेथें सहा महिने शिकण्यांत गेले तरी ते पुढील दहा वर्षांवर वांटले जातात.

खेळाचें तसें नाहीं. प्रत्येक खेळ नवा, प्रत्येक मंडळी निराळी, मुदत वर्षदोन वर्षांची. सेल चिप वाईट होती असें ह्यावरून ठरत नाहीं. तीच चिप, थोडी सुधारून, अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील रोडरनर ह्या महासंगणकांत बसविली गेली, आणि दर सेकंदास एकावर पंधरा शून्यें इतक्या क्रिया करण्याची मजल २००८ सालीं प्रथम त्यानेंच मारली. ठराविक कामांसाठीं तिजवर परिश्रम करावयास तेथें निवडक तज्ज्ञ होते. म्हणून अंगण वांकडें कीं नाचणारा कच्चा, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. अंगण वांकडें बांधून ज्याची वीट वांचली तो एक, आणि त्यावर रोज ठेंच खाणारा दुसरा, अशी स्थिति असेल तर नाचणाऱ्याची तक्रार रास्त आहे. बांधणारा व नाचणारा एकच असेल तर वांकडें अंगणहि कधीं कधीं परवडतें.

ज्या विद्यार्थ्यांस हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास खोडद येथें विज्ञानप्रदर्शन भरत आलें आहे, व त्या वेळीं शाळांच्या मुलांस वेधशाळा पाहावयास मिळते. तबकड्यांपाशीं गर्दी फार होते. तेथून जरा बाजूस होऊन एखाद्या अभियंत्यास विचारावें कीं, तुम्हीं कोणतें काम एफपीजीएवर ठेविलें, कोणतें ग्राफिक्स कार्डावर, आणि कां.